दादांचा कोट

१

सोन्याचं घड्याळ जागेवर होतं. कुठल्याशा राजानं भेट दिलेली हिऱ्यांच्या मुठीची तलवार जागेवर होती, पदकंही सगळी होती. गेला होता तो एका लहान मुलाच्या मापाचा, कोपरांना ठिगळं लावलेला, रंग उडालेला लोकरीचा कोट. ज्या लाकडी पुतळ्यावर तो चढवलेला असायचा, तो पुतळा काचेच्या कपाटात उघडाबोडका उभा होता आणि राष्ट्रप्रमुखांच्या स्मृतिदालनाच्या संचालिकाबाई त्याच्याकडे अशा बघत होत्या, की जणू कपडे त्यांचेच गेलेत.

मी पोलिसातून निवृत्त झालेली बाई. मला चिरंजीवांनी बोलावलं होतं, कारण खऱ्या पोलिसांना बोलावलं असतं तर मागोमाग वर्तमानपत्रंही आली असती. चिरंजीव म्हणजे दादांचे चिरंजीव. पासष्टी ओलांडली तरी पक्षाच्या पत्रकांत त्यांचा उल्लेख ‘तरुण नेतृत्व’ असाच होतो. वडील हयात असेपर्यंत मुलगा म्हातारा होत नाही, हे राजकारणात फार सोयीचं असतं.

आणि दादा म्हणजे सगळ्या देशाचे दादा, माजी राष्ट्रप्रमुख. या पदाला चाळीस वर्षं पूर्ण असावी लागतात. दादा चाळिशी ओलांडल्या ओलांडल्या निवडून आले, त्यामुळे सर्वांत तरुण राष्ट्रप्रमुख म्हणून त्यांचं नाव शाळेच्या पुस्तकात आहे. उद्या त्यात भर पडणार होती. देशाचे पहिले प्रमुख, ज्यांना सगळे पितामह म्हणतात, ते चौऱ्याण्णव वर्षं आणि वर काही महिने जगले. उद्या दादा त्यांना मागे टाकणार होते. सर्वांत तरुणही तेच आणि सर्वांत दीर्घायुषीही तेच, अशी पितळी पाटी तयार होती, सरकारी पाहुणे येणार होते आणि एक मुलगा तो कोट घालून ‘लहानपणीचे दादा’ म्हणून स्टेजवर चालणार होता. दुपारी कपडेपटवाल्या बाई कोट न्यायला आल्या आणि बोंब झाली.

कपाटाचं कुलूप फोडलेलं नव्हतं. फोडायची गरजही नव्हती, किल्ली त्यालाच लावलेली होती. मुलांना नीट दिसावं म्हणून कपाट बुटकं केलेलं, आणि मुलं दारं उघडतात म्हणून कुलूप, आणि किल्ली हरवते म्हणून ती कुलपातच. सरकारी डोकं एकदा चालायला लागलं की थांबत नाही.

संचालिकाबाईंनी सकाळचा सगळा प्रकार सांगितला. रंगीत तालमीला दादा व्हीलचेअरवरून आले होते. त्यांनी स्वतः दादांना कोटाची ती स्टेजवरची गंमत सांगितली. मग दादा म्हणाले, मला जरा माझ्या जुन्या सोबत्यांजवळ एकट्याला बसू द्या. भिंतीवरच्या तसबिरींविषयी म्हणत होते ते. सगळे बाहेर थांबले. दादा बाहेर आले तसं बाईंनी दालनाला कुलूप घातलं.

“त्यानंतर आत कोणी गेलं?” मी विचारलं.

“कोणी नाही,” त्या म्हणाल्या, आणि मग आवाज उतरला. “म्हणजे, दादांची नर्स. पाण्याची बाटली आत राहिली म्हणून एकटीच गेली होती.”

२

नर्सला गाठण्याआधी मी भिंत बघून घेतली. देशाचे सगळे प्रमुख तिथे ओळीनं टांगलेले आहेत. प्रत्येकाखाली जन्मसाल, आडवी रेघ, मृत्युसाल. बघत गेलं की माणसाला नको ते विचार सुचतात. प्रामाणिक म्हणून नावाजलेले दोघं साठीच्या आत गेलेले, आणि ज्यांना खुर्चीवरून उठवायला लोकांना रस्त्यावर यावं लागलं ते नव्वदीला टेकलेले. संचालिकाबाईंना सगळ्यांची वयं तोंडपाठ होती. दादांच्या पाटीवर मात्र रेघेपुढे नुसतं गुळगुळीत पितळ. पाहुण्यांची नजर हमखास त्या मोकळ्या जागेवर जाते, असं त्या म्हणाल्या आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

रिकाम्या कपाटाशेजारी दादांचा लहानपणीचा मोठा केलेला फोटो होता. शाळेच्या फाटकाशी उभा एक मुलगा, अंगात तोच कोट, वर शाळेच्या नावाची पाटी. खाली दादांचं भाषणातलं वाक्य: ‘आई गावाचे कपडे शिवायची, पण आमच्या घरात कोट एकच होता, आणि तो तिनं स्वतः शिवला होता.’ मी फोनवर त्याचा फोटो काढून घेतला. सवय म्हणून, दुसरं काही कारण नव्हतं.

मग दादांच्या घरी गेले. खालच्या खोलीत त्यांची बहीण राहते. घरातले, बाहेरचे, सगळे तिला धाकट्या बाई म्हणतात. दादा देशाचे दादा झाले तेही तिच्यामुळेच. पहिल्या निवडणुकीत प्रत्येक सभेत ती ‘माझे दादा’ म्हणून बोलली आणि लोकांनी तो शब्द उचलला. आता वय त्र्याण्णव, छातीचं दुखणं, बोलताना मध्येच थांबायच्या. हा कोट दालनाला त्यांनीच दिला होता, सहा महिन्यांपूर्वी, कोणी मागितला नसताना.

कोट गेल्याचं ऐकल्यावर त्यांनी माझा हात धरला.

“तो उद्या लोकांसमोर यायला हवा,” त्या म्हणाल्या. “मी पुढच्या वर्षी नसेन. डॉक्टर सांगत नाहीत, पण मला कळतं. शोधा तो. माझं एवढं एकच मागणं आहे.”

एका जुन्या कपड्यासाठी एवढा जीव का टाकावा, ते मला समजेना. विषय बदलावा म्हणून मी फोनमधला फोटो दाखवला, तर त्यांचा चेहरा एकदम निवळला. फोटोतल्या मुलाच्या हनुवटीवरची खोक दाखवून म्हणाल्या, ही कशी पडली माहीत आहे का? रांगत रांगत उंबऱ्यावरून खाली गेला. मी किंचाळले तेव्हा कुठे आई शिवणयंत्रावरून उठली. रक्त बघून तिलाच घेरी आली, मग पाणी मीच आणलं.

मी मान डोलावली. म्हातारी माणसं जुनं उगाळत बसतात, आपण घड्याळ बघत बसतो. नेमकं तेच मी केलं.

तेवढ्यात वरून चिरंजीवांचा आवाज आला. नर्सनं पिशवी उघडायला नकार दिला होता.

३

नर्स चाळिशीची, अंगानं किरकोळ, दिवाणखान्यात मोठी कापडी पिशवी पोटाशी धरून उभी होती. चिरंजीव, संचालिकाबाई, दोन नोकर, सगळे भोवती. चिरंजीवांचं म्हणणं सरळ होतं: बंद दालनात एकटी तीच गेली, पिशवी तिची एवढी मोठी, आणि दादांच्या वस्तूंना बाहेर गिऱ्हाईक आहे. ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, की कोट मी घेतला नाही आणि पिशवी मी सगळ्यांसमोर उघडणार नाही.

तीस वर्षं पोलिसात काढलेल्या माणसाला हे वाक्य ऐकलं की एकच वाटतं. मी तिला दरडावलं. नाही उघडलीस तर तुझ्या नोकरीचं काही खरं नाही, म्हटलं. आणि तिच्या हातातून पिशवी ओढून टेबलावर उलटी केली.

जेवणाचा डबा. पाण्याची बाटली. घालून सैल झालेल्या चपला. आणि मोठ्या माणसांसाठी असतात त्या डायपरचे दोन पुडे, एक फोडलेला.

चिरंजीवांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. एक नोकर हसू दाबत बाहेर निघून गेला. नर्स पुडे गोळा करत होती.

“हे कुणाला कळू द्यायचं नाही,” ती हळू म्हणाली. “दादांनी वचन घेतलंय माझ्याकडून. म्हणून मी पिशवी कुठे ठेवत नाही.”

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायचे प्रकार मी नोकरीत खूप पाहिले होते आणि त्यांना मनसोक्त नावंही ठेवली होती. आज सुळी माझ्याच हातात होती. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण चिरंजीवांसमोर शब्द फुटला नाही, आणि त्याची लाज वेगळीच.

पिशवी खांद्याला लावून दारात गेल्यावर ती थांबली. माझ्याकडे न बघताच म्हणाली, की आज दादांचंच काहीतरी बिनसलंय. सकाळी दालनातून निघाल्यापासून मांडीवरची शाल काढू देत नाहीत. खोलीत हीटर चालू, कपाळावर घाम, तरी शाल दोन्ही हातांनी घट्ट. कपडेही बदलू दिले नाहीत.

ती गेली. मी तिथेच उभी राहिले, आणि मला वाटतं, चूक काय झाली ते माझ्या पायांना डोक्याआधी कळलं, कारण ते जागचे हलेनात.

४

घरी आले तर नवऱ्यानं चेहरा बघून नुसता चहा पुढे केला. गारठा होता. खुंटीवर त्याचा कोट दिसला तो मी अंगात अडकवला आणि बोलता बोलता बटणं लावली, न बघता, एका हातानं. तो हसला. म्हणाला, स्वतःच्या कोटाशी दहा मिनिटं झटापट करतेस आणि माझा कसा लगेच लागतो?

त्याला कारण आहे. मी थोरल्या भावाचे उतरलेले शर्ट घालून वाढले. पुरुषांच्या कपड्याची डावी बाजू उजवीवर येते, बायकांच्या कपड्याची उजवी बाजू डावीवर. माझे हात लहानपणीच पुरुषी बटणांना बसले, आणि बायकांचा कोट घेतला की अजून चुकतात. हे मी त्याला सांगत होते आणि सांगता सांगता गप्प झाले.

फोन काढला. शाळेच्या फाटकाशी उभा मुलगा. कोटाची उजवी बाजू डावीवर.

पहिल्यांदा वाटलं, फोटो उलटा छापला असेल. पण मुलाच्या डोक्यावर शाळेची पाटी होती आणि तिच्यावरचं नाव सरळ वाचता येत होतं. फोटो सुलटाच होता. मग वाटलं, गरिबाघरी कसला आलाय मुलाचा अन् मुलीचा कोट, कुणी दिला असेल. पण दिलेला नव्हता. दादा स्वतःच सांगत आले होते, की तो आईनं शिवला. सगळ्या गावाचे कपडे शिवणारी बाई, ती बटणांची बाजू चुकणार नाही. तिनं तो मुलीसाठी शिवला होता. आणि त्या घरात मुलगी एकच.

आता धाकट्या बहिणीला कोट लहान झाला म्हणून तो थोरल्या भावाला आला, असं कुठल्या घरात होतं?

रांगणाऱ्या भावाला पडताना बघणारी, रक्त बघून पाणी आणणारी धाकटी बहीण. माझ्यासमोर बसून त्या बाईंनी सगळं सांगून टाकलं होतं आणि मी घड्याळ बघत होते.

पुढचं सोपं होतं आणि म्हणूनच जड होतं. धाकट्या बाईंनी कोट स्वतः दिला, त्या तो चोरणार नाहीत, आणि तालमीला त्या आल्याच नव्हत्या. संचालिकाबाईंना बटणांचं काही कळलंच नव्हतं. चिरंजीवांना माहीत असतं, तर त्यांनी तो कोट दालनात लागूच दिला नसता. नर्सची पिशवी मी उलटी केली होती. राहिला तो एकच माणूस, ज्याला त्या सकाळी कळलं की उद्या हा कोट कपडेपटवाल्या बाईच्या हातात आणि मग साऱ्या कॅमेऱ्यांसमोर जाणार आहे. व्हीलचेअरवर बसून हात पोचेल एवढं बुटकं कपाट, कुलपातच किल्ली, आणि दार लोटून बाहेर अदबीनं थांबलेले लोक. आम्ही सगळ्यांनी तेवढाच वेळ हिशेबातून वगळला होता. दादा आत आहेत म्हणजे दालन सुरक्षित आहे, असं धरून चाललो. कुंपणच शेत खातं, ही म्हण आम्हाला पाठ असते, पण कुंपणाकडे बघायची हिंमत नसते.

सकाळी समारंभाआधी मी त्यांना भेटायला जायचं ठरवलं. झोप काही लागली नाही.

५

दादा खिडकीशी बसले होते, शाल मांडीवर. धाकट्या बाईंना मी नर्सच्या आधारानं वर आणवलं होतं. नर्स बाहेर थांबते म्हणाली. मी दार लावलं.

कसं बोलावं हे मी वाटभर ठरवत आले होते आणि त्यातलं काही उपयोगी पडलं नाही. मी फक्त म्हटलं, की दादा, तुमच्यामुळे काल एका बाईची पिशवी चारचौघांत उलटी झाली. त्यात काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं.

त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला. मग त्यांनी शाल बाजूला केली. कोट नीट घडी घालून ठेवलेला होता, बाह्या आत दुमडून.

“जाळणार होतो,” ते म्हणाले. “पण घरात जाळायला जागा नाही. आणि मला एकट्याला कुठे जाता येत नाही.”

मग त्यांनीच सांगितलं. निवडणूक जाहीर झाली तेव्हा ते सदतीस वर्षांचे होते. पक्षाकडे दुसरा माणूस नव्हता आणि वाट बघायला कोणी तयार नव्हतं. शाळा आगीत गेलेली, दाखला नव्हता, अशा वेळी जवळच्या नातेवाइकाची शपथ चालायची. बहिणीनं शपथ घेतली, की हा माझा थोरला भाऊ. तीन वर्षं वाढली की तो तिच्यापुढे जात होता. तिचं स्वतःचं वय बदलावंही लागलं नाही, फक्त ती धाकटी झाली.

“एका निवडणुकीपुरतं म्हणाला होता,” बाई म्हणाल्या. एवढ्या वेळात त्या पहिल्यांदाच बोलल्या. “मी कडेवर घेऊन फिरवलेलं पोर. त्याला दादा म्हणताना पहिल्या सभेत माझी जीभ अडखळली. लोकांना वाटलं, मी भारावले.”

दादा म्हणाले, की काम तर मी खरं केलं. रस्ते, धरणं, शाळा, त्यात काही खोटं नव्हतं.

“नव्हतं,” त्या म्हणाल्या. “म्हणून तर मी गप्प बसले. आपलेच दात अन् आपलेच ओठ. खोटी शपथ मी घेतली, त्याची लाज माझी मला आहे, ती मी कुणावर ढकलत नाही. पण मला धाकटी म्हणून मरायचं नाही रे. आई गेली तेव्हा शेवटचं काय म्हणाली? भावाला सांभाळ. थोरलीला सांगतात ते.”

कोट त्यांनी त्यासाठीच दिला होता. स्वतः तोंडानं सांगितलं तर भाऊ उघडा पडेल, आणि नाही सांगितलं तर आपण तशाच जाणार. म्हणून तो काचेत नेऊन ठेवला. वाटलं, कुणीतरी बघेल, विचारेल. सहा महिने माणसं आली, वाकून बघून गेली, डोळे पुसून गेली. बटणांकडे कुणी बघितलं नाही.

खोलीत हीटरचा बारीक आवाज येत होता. दादांनी मला विचारलं, की मी चिरंजीवांना काय सांगणार.

मी म्हटलं, मला कोट शोधायला बोलावलं होतं, तो सापडला. तो तुमच्या मांडीवर आहे. वय शोधायला मला कोणी सांगितलेलं नाही, आणि ते सांगायचं काम माझं नाही. पाहुणे थोड्या वेळात येतील. कोट मी घेऊन जाते आणि कपाटात ठेवते, किंवा तुम्ही घेऊन या.

त्यांनी कोटावर हात ठेवला आणि तो उचलला नाही.

६

दालन गच्च भरलं होतं. चिरंजीवांना मी दारातच सांगितलं होतं, की कोट दादांकडे आहे, चोरी झालेलीच नाही. त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव आला आणि लगेच शंकेचा आला. तेही त्याच घरात वाढले होते. त्यांनी पुढे एक अक्षर विचारलं नाही.

मी मागच्या रांगेत नर्सशेजारी बसले आणि काल राहिलेली माफी मागितली. नीट, शब्द न फिरवता. तिनं आपली पिशवी मांडीवर घेतली, म्हणजे मला पाय ठेवायला जागा झाली.

पुढे धाकट्या बाई, त्यांच्यासाठी आणलेल्या बुटक्या खुर्चीवर. मध्ये पितामहांची तसबीर, त्यावर दिवा. पितळी पाटीवर मखमली कापड. संचालिकाबाईंनी पितामहांचं वय वाचलं, मग दादांचं वाचलं, आणि टाळ्या सुरू झाल्या. मुख्य पाहुण्यांनी कापडाला हात घातला.

“थांबा,” दादा म्हणाले.

आवाज लहान होता, माइकनं तो मोठा केला. त्यांनी शाल बाजूला केली. मांडीवरचा कोट उलगडून त्यांनी तो दोन्ही हातांनी उंच धरला, बटणं लोकांकडे करून.

“हा माझा कोट नाही,” ते म्हणाले. “आईनं हा माझ्या बहिणीसाठी शिवला. तिला लहान झाला, मग मला आला. ज्यांच्या घरात दोन मुलं आहेत त्यांना पुढचं सांगायला नको. माझं वय तीन वर्षांनी कमी आहे. मी पदावर बसलो तेव्हा मला तिथे बसायचा हक्क नव्हता. ती पाटी काढा. पुस्तकातलं नावही काढा. मला लाज वाटते. काल माझ्यापायी एका बाईची अब्रू गेली, त्याची सगळ्यात जास्त वाटते.”

नर्सनं पिशवीचे बंद घट्ट धरले. पहिल्या रांगेतले पाहुणे एकमेकांकडे बघत होते, कॅमेरेवाले बघायचं कुठे ते विसरले होते. चिरंजीवांनी तोंड हातात लपवलं. भिंतीवरचे सगळे प्रमुख आपापल्या वयांसह जागेवर होते.

दादांनी खुर्चीच्या दांड्यांवर भार दिला आणि ते उठायला लागले. कित्येक महिन्यांत ते आपणहून उभे राहिले नव्हते. एक पाऊल बहिणीच्या दिशेनं पडलं.

“ताई,” ते म्हणाले. माइक तिकडेच होता, तो शब्द मागच्या रांगेपर्यंत आला.

त्र्याण्णव वर्षांच्या बाई आपल्या बुटक्या खुर्चीवरून उठल्या, कोणाचा हात न घेता. त्यांनी भावाचा दंड पकडला.

“आधी खाली बस,” त्या म्हणाल्या. “पडशील.”

आणि दादा मुकाट्यानं बसले.